कॅथलिक ईशज्ञानाच्या निबंधात धर्मग्रंथांचे संदर्भ कसे द्यावेत?

खानापूरची लेक

सर्वांना नमस्कार. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील एका गावी राहते आणि पुण्यातील एका संस्थेचा ईशज्ञानाचा (थिऑलॉजीचा) पदविका अभ्यासक्रम घरी राहून करते आहे. वीस पानांचा निबंध मराठीत लिहिण्याची परवानगी मी मुद्दाम मागून घेतली. विषय आहे आजाऱ्यांना तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार. आमच्या आजीच्या पिढीत त्याला सरळ ‘शेवटचा संस्कार’ म्हणत, आणि फादर तेलाची कुपी घेऊन एखाद्या घरी निघाले की त्या घरचे माणूस आता राहत नाही असे अख्खा गाव धरून चाले. हा ‘शेवटचा’ संस्कार ‘आजाऱ्यांचा’ संस्कार कसा झाला, हे मला चर्चच्या दस्तऐवजांच्या आधारे दाखवायचे होते.

निबंध गेल्या आठवड्यात परत आला. मजकुराबद्दल तक्रार नव्हती. शेवटच्या पानावर एकच वाक्य होते : ‘संदर्भ पुष्कळ आहेत, पण त्यांतला एकही सापडत नाही.’ माझ्या तळटिपा अशा होत्या : ‘पवित्र शास्त्र, पृ. २८१’, ‘ट्रेंटची परिषद, पृ. ११२’, ‘कॅटेकिझम, पृ. ३७५’, ‘संत थॉमस अक्वायनस, सुम्मा, संकेतस्थळावरून’. (ट्रेंटची परिषद ही सोळाव्या शतकातली बिशपांची सभा, कॅटेकिझम हा चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, आणि सुम्मा हा संत थॉमस यांचा तेराव्या शतकातला ईशज्ञानाचा ग्रंथ.) पृष्ठक्रमांक मी खोटे दिलेले नाहीत. आमच्या फादरांकडून आणलेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांतून ते जसेच्या तसे उतरवले आहेत. मग चूक नेमकी कोठे झाली, आणि अशा ग्रंथांचा संदर्भ देण्याची रीत काय, हे कोणी समजावून सांगेल का?

निवृत्त मास्तर

ताई, मी ख्रिस्ती नाही. बेळगावच्या टिळकवाडीत राहतो आणि मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. तरीही तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी देऊ शकेन असे वाटते, कारण हाच घोळ आमच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानेश्वरीबाबत दरवर्षी घातला.

‘ज्ञानेश्वरी, पृ. २१४’ असे कोणी लिहिले की मी विचारत असे, कोणाची ज्ञानेश्वरी? तुझ्या घरची, की माझ्या घरची? ज्या ग्रंथाच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या आहेत त्याचे पान प्रत्येक घरात वेगळे असते. म्हणून आपण अध्याय आणि ओवी देतो. पान हे छापखान्याचे असते आणि ओवी ग्रंथाची असते. बायबलचा अध्याय आणि वचन, हा तसाच ग्रंथाचा स्वतःचा पत्ता आहे. तो मराठी प्रतीत, आमच्या शेजाऱ्यांच्या कन्नड प्रतीत आणि लॅटिन प्रतीतही बहुतेक ठिकाणी एकच राहतो.

मात्र ‘बहुतेक’ हा शब्द नजरेआड करू नका. राजवाडे प्रतीतील आणि साखरे प्रतीतील ओव्यांची संख्या जुळत नाही, त्यामुळे ओवीचा क्रमांक दिला तरी प्रत सांगावीच लागते. तुकोबांच्या गाथ्याची अवस्था याहून बिकट आहे, कारण अभंगाचा क्रमांक प्रत्येक संपादकाबरोबर बदलतो, आणि म्हणून जाणकार क्रमांकासोबत अभंगाचा पहिला चरणही देतात. तुमच्या ग्रंथांतही अशा जागा असणारच. त्या कोणत्या, हे तुमच्यातल्या जाणत्यांनी सांगावे.

कॅम्पातला मेथडिस्ट

मास्तरांनी विचारलेली पहिली जागा मी सांगतो, कारण तिची झळ आम्हा प्रोटेस्टंट वाचकांना थेट लागते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि आमच्या बायबलमध्ये ६६. तोबीत, यहूदीथ, शलमोनाचे ज्ञान, बेन सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके आमच्या जुन्या करारात नाहीत. आजाऱ्यांवरच्या निबंधात बेन सिराखचा ३८वा अध्याय येणार हे मी न वाचताच सांगू शकतो, कारण वैद्याचा मान राखावा हे तेथेच सांगितले आहे. बहुतेक मराठी घरांत असलेल्या प्रतीत वाचक तो शोधत बसेल, किंवा नावाच्या गोंधळात ‘उपदेशक’ उघडेल, जे पुस्तकच निराळे आहे. तेव्हा पहिल्याच तळटिपेत कोणती प्रत वापरली ते लिहा.

स्तोत्रांचे क्रमांकही सांभाळा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे आपल्या मराठी प्रतींत २३वे स्तोत्र आहे, पण जुन्या लॅटिन प्रतीत ते २२वे आहे. ग्रीक भाषांतराने ९वे आणि १०वे स्तोत्र एकत्र धरले, लॅटिनने ती गणना पुढे चालवली, आणि तेथून थेट १४७व्या स्तोत्रापर्यंत बहुतेक क्रमांक एकाने मागे पडले. फादरांच्या जुन्या पुस्तकातून एखाद्या स्तोत्राचा क्रमांक उतरवला असेल तर तो आधी पडताळून पाहा.

आणि एक शंका. याकोबाच्या पत्रातील ५:१४ हे तुमच्या निबंधाचे मुख्य वचन असणार. आमच्या मराठी बायबलमध्ये तेथे आजाऱ्याने मंडळीच्या ‘वडिलांना’ बोलवावे असे आहे. तुमचा संस्कार तर फक्त धर्मगुरू देतो. तुम्ही वचन कोणत्या भाषांतरातून घेतले आहे?

खानापूरची लेक

दादा, खरे सांगायचे तर मी घरातल्याच प्रतीतून ते वचन उतरवले, त्यात ‘वडील’ हाच शब्द आहे, आणि पुढच्या वाक्यात मी बिनधास्त ‘म्हणून धर्मगुरूंना बोलवावे असे याकोब सांगतो’ असे लिहून टाकले. परीक्षकांनी तेथे पेन्सिलीने नुसते उद्गारचिन्ह काढले आहे. ते कशासाठी आहे हे आत्ता लक्षात आले.

पॅरिशचा म्हातारा

मी धर्मगुरू आहे, आता निवृत्त आहे, आणि सेमिनरीत काही वर्षे हा विषय शिकवला आहे. त्या उद्गारचिन्हापासूनच सुरुवात करतो, कारण संदर्भ कशासाठी द्यायचा असतो हे त्यातूनच नीट कळते.

याकोबाच्या मूळ ग्रीक मजकुरात ‘प्रेस्बितेरोई’ असा शब्द आहे. त्याचा साधा अर्थ वयाने किंवा मानाने ज्येष्ठ असे लोक. १५८२ च्या राईम्स येथील कॅथलिक इंग्रजी नव्या कराराने तेथे धर्मगुरूंसाठीचा शब्द घातला, १६११ च्या राजा जेम्सच्या भाषांतराने ज्येष्ठांसाठीचा घातला, आणि आपल्या मराठी बायबलने ‘वडील’ केले. म्हणजे वचनाचा पत्ता एकच असला तरी त्या पत्त्यावर राहणारा शब्द प्रतीगणिक वेगळा आहे. कॅथलिक लेखकाने ‘वडील’ शब्दाची प्रत वापरली तर त्यात पाप नाही. पण त्या शब्दावरून धर्मगुरूंपर्यंत तो एका उडीत पोहोचू शकत नाही. मधला पूल वाचकाला दाखवावा लागतो.

तो पूल ट्रेंटच्या परिषदेत आहे. परिषदेच्या १४व्या सत्रात, २५ नोव्हेंबर १५५१ रोजी, या संस्काराची शिकवण आणि तिच्यासोबत चार नियम मंजूर झाले. त्यांतला चौथा नियम नेमका याच शब्दाबद्दल आहे : याकोबाने सांगितलेले ‘प्रेस्बितेर’ म्हणजे वयाने वडील माणसे नसून बिशपांनी दीक्षा दिलेले धर्मगुरू होत, हे जो नाकारील त्याचा परिषद निषेध करते. तेव्हा तुमचे वाक्य असे व्हायला हवे होते की याकोब मंडळीच्या ‘वडिलांना’ बोलवायला सांगतो आणि ट्रेंटची परिषद त्या शब्दाचा अर्थ धर्मगुरू असा निश्चित करते. त्या एका वाक्याला दोन तळटिपा लागतात, आणि मेथडिस्ट बंधूंनाही आपण नेमके कोठे वेगळे होतो ते स्वच्छ दिसते.

आता ट्रेंटचा पत्ता. ‘पृ. ११२’ ने काही कळत नाही. परिषदेचे नाव, सत्र, तारीख आणि नियमाचा क्रमांक हा झाला मूळ पत्ता. त्याच्या जोडीला डेन्झिंगर यांच्या संग्रहातील क्रमांक देण्याची रीत आहे. चर्चच्या श्रद्धाविषयक निर्णयांचा हा संग्रह प्रथम १८५४ मध्ये निघाला आणि त्यानंतर त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. तेथेच एक खड्डा आहे ज्यात माझे निम्मे विद्यार्थी पडत. १९६३ मध्ये शोनमेट्झर यांनी संग्रह नव्याने संपादित करताना सगळे क्रमांक बदलले. ट्रेंटचा हा चौथा नियम जुन्या आवृत्त्यांत ९२९ आहे आणि नव्या आवृत्त्यांत १७१९. पोप पहिले इनोसंट यांनी ४१६ मध्ये देसेंतियुस या बिशपांना लिहिलेले पत्र, ज्यात याच याकोबवचनाचा उल्लेख आहे, ते जुन्यात ९९ आणि नव्यात २१६. तुमच्या फादरांचे पुस्तक १९६३ पूर्वीचे असेल तर त्यातील क्रमांक उतरवून आधुनिक संग्रह उघडणारा वाचक भलत्याच शतकात जाऊन पोहोचेल.

कॅटेकिझमचे काम सोपे आहे. त्यातील परिच्छेदांना १ ते २८६५ असे सलग क्रमांक आहेत आणि ते सर्व भाषांत सारखे आहेत. आजाऱ्यांच्या संस्काराची शिकवण १४९९ ते १५३२ या परिच्छेदांत येते. तेवढा क्रमांक लिहिला की पान लिहिण्याची गरज उरत नाही. पण येथेही मास्तरांचा ‘बहुतेक’ लागू होतो. कॅटेकिझम १९९२ मध्ये फ्रेंचमध्ये आला, अधिकृत लॅटिन प्रत १९९७ मध्ये निघाली, आणि देहान्त शिक्षेवरचा परिच्छेद २२६७ हा पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये बदलला. क्रमांक तोच राहिला आणि शिकवणीचे शब्द बदलले. त्या परिच्छेदाचा आधार घेणाऱ्याने वर्ष दिले नाही तर त्याला नेमके काय म्हणायचे आहे हेच कळणार नाही.

चर्चच्या कायद्याचीही तीच गोष्ट आहे. हा संस्कार १९८३ च्या संहितेत ९९८ ते १००७ या कलमांत आहे, आणि ती कलमे बदललेली नाहीत. परंतु शिक्षांविषयीचा सहावा भाग २०२१ मध्ये पूर्ण नव्याने लिहिला गेला. गर्भपाताचे कलम पूर्वी १३९८ होते, ते आता १३९७ च्या दुसऱ्या पोटकलमात गेले आहे, आणि १३९८ मध्ये अल्पवयीनांवरील अत्याचाराचा गुन्हा आला आहे. नुसते ‘कलम १३९८’ लिहिणाऱ्याने दोन अगदी वेगळ्या गुन्ह्यांपैकी कोणता सांगितला, हे वाचकाने ओळखायचे तरी कसे?

बाकावरचा शेवटचा

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, त्यामुळे चुकत असल्यास क्षमा करावी. आजकाल संदर्भ आपोआप लावणारी सॉफ्टवेअर मिळतात. आपली शैली निवडायची, पुस्तकाचे नाव टाकायचे आणि तळटीप तयार होते. एवढा खटाटोप कशाला?

ग्रंथपाल शहापूर

कारण सॉफ्टवेअर लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान मागते. बायबलचा लेखक म्हणून तुम्ही कोणाचे नाव भरणार, आणि प्रकाशनाचे वर्ष कोणते? असे एक जर्नल मी पाहिले आहे ज्यात मत्तयाचे शुभवर्तमान २०११ मध्ये ‘लिहिले’ गेले होते.

सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, परंतु त्यात प्रतीची माहिती भरावी आणि ग्रंथाचा आतला पत्ता स्वतःच्या हाताने लिहावा. आणि मराठी प्रबंधांत ‘तत्रैव’ लिहिण्याची जी सवय आहे ती शेवटचा हात फिरेपर्यंत बाजूला ठेवा. मध्येच एक तळटीप घुसली की सगळे ‘तत्रैव’ दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतात.

आता संत थॉमस. सुम्माचा संदर्भ भाग, प्रश्न आणि अनुच्छेद असा देतात. दुसरा भाग दोन पोटभागांत आहे, म्हणून ‘दुसऱ्याचा पहिला भाग, प्रश्न ९४, अनुच्छेद २’ असे लिहावे लागते. पण तेवढ्यानेही भागत नाही. प्रत्येक अनुच्छेदात थॉमस आधी विरोधी मते मांडतात, मग त्याविरुद्धचा एखादा आधार देतात, मग ‘मी उत्तर देतो’ म्हणून स्वतःचे मत सांगतात, आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर देतात. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष आणि सिद्धान्त ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही बैठक परकी वाटणार नाही. शंकराचार्यांच्या भाष्यातला पूर्वपक्ष उचलून ‘आचार्य म्हणतात’ असे कोणी लिहिले तर आपण हसू. थॉमसच्या बाबतीत मात्र असे पुष्कळदा छापून येते. तेव्हा अनुच्छेदाच्या पुढे ‘उत्तर’ की ‘आक्षेप २ ला उत्तर’ हे लिहिलेच पाहिजे.

तुमच्या विषयात त्याहून मोठी अडचण आहे. सुम्माच्या तिसऱ्या भागात प्रायश्चित्त संस्काराचे विवेचन चालू असताना थॉमसनी १२७३ मध्ये लेखणी ठेवली, आणि पुढच्या वर्षी ते वारले. आजाऱ्यांच्या संस्कारापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. जे प्रश्न २९ ते ३३ तुम्हाला संकेतस्थळावर सापडले असतील ते ‘परिशिष्टा’तले आहेत, आणि ते परिशिष्ट त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी त्यांच्याच तरुणपणीच्या एका भाष्यातून जुळवून लावले आहे. ‘सुम्मामध्ये थॉमस म्हणतात’ याऐवजी ‘सुम्माच्या परिशिष्टात’ असे लिहा, म्हणजे परीक्षकांची दुसरी पेन्सिल वाचेल.

चर्चपित्यांपैकी, म्हणजे चर्चच्या आरंभीच्या शतकांतल्या थोर आचार्यांपैकी, कोणाला उद्धृत केले असेल तर तेथेही हाच मार्ग धरा. ऑगस्टीनच्या ‘आत्मनिवेदना’चा संदर्भ १०.२७.३८ असा तीन आकड्यांचा असतो : पुस्तक, प्रकरण, परिच्छेद. जोडीला मीन्य यांच्या एकोणिसाव्या शतकातील संग्रहाचा उल्लेख करतात, लॅटिन मालिका २२१ खंडांची आणि ग्रीक १६१ खंडांची. त्यांत पानाऐवजी स्तंभाचा क्रमांक असतो, कारण एका पानावर दोन स्तंभ छापले आहेत. पण तो खंड प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला नसेल तर त्याचा क्रमांक लिहू नका. कॅटेकिझमच्या तळटिपेतून उचललेला संदर्भ हा ‘कॅटेकिझममध्ये उद्धृत’ असाच द्यावा. आपण जेथे पाणी प्यायलो ती विहीर सांगावी, नदीचे नाव घेऊ नये.

खानापूरची लेक

ग्रंथपालताई, तुम्ही माझा निबंध चोरून वाचला आहे की काय? ‘थॉमस सुम्मामध्ये म्हणतात’ हे वाक्य त्यात तीनदा आहे.

फादर, आणखी एक प्रश्न. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (विसाव्या शतकातल्या बिशपांच्या सभेचा) दस्तऐवज, पोपचे पत्र, व्हॅटिकनच्या एखाद्या मंडळाचे पत्र आणि पोपनी बुधवारच्या सार्वजनिक भेटीत केलेले बोलणे, हे सगळे मी ‘चर्च म्हणते’ या एकाच वाक्याने मांडले होते. त्यालाही लाल रेघ आहे. पत्ता बरोबर लिहिला तरी ही रेघ राहील का?

पॅरिशचा म्हातारा

राहील, आणि राहायलाच हवी. कॅथलिक लेखनात संदर्भाला पत्त्याबरोबर वजनही असते, आणि ते वाक्यातच दिसावे लागते. ‘चर्च म्हणते’ या दोन शब्दांत सोने, तांबे आणि पितळ एकाच तागडीत पडते.

तुमच्या विषयातच पाहा. ‘साक्रोसांक्तुम कोन्सिलियुम’ हे ४ डिसेंबर १९६३ रोजीचे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे उपासनाविषयक संविधान. त्याच्या ७३व्या परिच्छेदात सांगितले आहे की ‘शेवटचा अभ्यंग’ या संस्काराला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य आहे, आणि तो केवळ मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही. तुमच्या आजीच्या गावातली समजूत जेथे अधिकृतपणे दुरुस्त झाली ती जागा हीच. हे सार्वत्रिक परिषदेचे बोल आहेत. त्यानंतर पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ च्या आपल्या प्रेषितीय संविधानाने विधी बदलला : नवा मंत्र दिला, कपाळ आणि हात यांना तेल लावण्याचे ठरवले, आणि ऑलिव्हचे तेल मिळत नसेल तेथे दुसऱ्या वनस्पतीचे तेल चालेल असे म्हटले. हा पोपचा कायदा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांचे ११ फेब्रुवारी १९८४ चे ‘साल्विफिची दोलोरिस’ हे दुःखाच्या अर्थावरचे प्रेषितीय पत्र. ते शिकवणारे आहे, विधी ठरवणारे नाही. २०२० चे ‘सामारितानुस बोनुस’ हे श्रद्धासिद्धान्त मंडळाचे पत्र आहे, पोपच्या मान्यतेने निघालेले. त्याचे लेखक म्हणून पोपचे नाव लिहिणे चूक होईल. बुधवारच्या भेटीतले बोलणे याहून हलके. पोपचा आशय दस्तऐवजाच्या प्रकारावरून, तीच गोष्ट किती वेळा सांगितली यावरून आणि सांगण्याच्या पद्धतीवरून ओळखावा, असे ‘लुमेन जेन्तियुम’ या त्याच परिषदेच्या चर्चविषयक संविधानाच्या २५व्या परिच्छेदातच म्हटले आहे. म्हणून प्रत्येक दस्तऐवजाच्या पहिल्या उल्लेखात नाव, प्रकार, कोणी दिला आणि तारीख ही माहिती द्या. नंतर नाव आणि परिच्छेद पुरतो.

तारखेबाबत एक बारकावा सांगून ठेवतो. सहाव्या पॉल यांचे ते संविधान १९७२ चे असले तरी व्हॅटिकनच्या अधिकृत राजपत्रात ते ६५व्या खंडात, म्हणजे १९७३ मध्ये छापले गेले. दोन पुस्तकांत दोन वर्षे दिसली तर एक चूक आहे असे समजू नका. एक वर्ष सहीचे आहे आणि दुसरे छापण्याचे.

निवृत्त मास्तर

माझा एक आक्षेप नोंदवतो. ही सगळी लॅटिन नावे देवनागरीत प्रत्येक जण वेगळी लिहितो. कोणी ‘लुमेन जेन्शियम’ लिहितो, कोणी ‘जेन्तियुम’. मराठी वाचकाला त्यांतून काहीच बोध होत नाही. त्यापेक्षा ‘उपासनाविषयक संविधान’ असे सरळ मराठी नाव का देऊ नये?

पॅरिशचा म्हातारा

मास्तर, ते नाव म्हणजे दस्तऐवजाचा पहिला चरण आहे. तुमच्या गाथ्यासारखाच. मूळ मजकुराच्या आरंभीचे शब्द हेच त्याचे नाव ठरते, आणि म्हणून जगात कोठेही तो त्या नावाने सापडतो. (पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या पत्राचे नाव लॅटिन नाही हे खरे. ते संत फ्रान्सिस यांच्या इटालियन स्तोत्रातून आले आहे. पण नियम तोच.) मराठी नाव वाक्यात जरूर लिहा, मीही लिहितो. तळटिपेत मात्र मूळ नाव एकदा रोमन लिपीत द्यावे आणि देवनागरी रूप एकच ठरवून शेवटपर्यंत तेच पाळावे. माझ्या ‘जेन्तियुम’चा मला आग्रह नाही.

निवृत्त मास्तर

पहिल्या चरणाचा दाखला देऊन तुम्ही मला माझ्याच शस्त्राने हरवलेत. मान्य. पण भाषांतराबद्दलचा माझा हट्ट सोडणार नाही. ताईंनी इंग्रजीवरून मराठी केले असेल तर ‘भाषांतर माझे, इंग्रजी पाठावरून’ असे लिहिलेच पाहिजे. अवतरणचिन्हांत घातलेले मराठी वाक्य ट्रेंटने मराठीत उच्चारले होते असा भास होता कामा नये.

कॅम्पातला मेथडिस्ट

याला माझा दुजोरा. आणि ज्या वाक्याच्या एका शब्दावर वाद आहे तेथे तो मूळ शब्दही द्या. ‘वडील’वरून आपली केवढी चर्चा झाली ते पाहा.

सीमेपलीकडचा

मी चंदगडचा. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा संदर्भ या निबंधात चालेल का? येशूने आजाऱ्यांना बरे केल्याचे प्रसंग त्यात आपल्याच भाषेत आले आहेत.

ग्रंथपाल शहापूर

चालेल, परंतु त्याची जागा ओळखून. १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापलेले ते काव्य मराठी ख्रिस्ती परंपरेचा साक्षीदार आहे, शिकवणीचा अधिकृत दस्तऐवज नाही. तेव्हा संस्काराचे स्वरूप सिद्ध करण्यासाठी ते वापरू नये. आपल्या लोकांना ती शिकवण कोणत्या शब्दांत सांगितली गेली हे दाखवण्यासाठी मात्र त्याच्याइतका चांगला साधनग्रंथ नाही. संदर्भ पुराण, अवस्वरू (सर्ग) आणि ओवी असा द्यावा. १९०७ ची सालढाणा यांची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत आहे, १९५६ ची बंडेलू यांची देवनागरीत, म्हणून प्रत सांगणे आलेच.

खानापूरची लेक

आज दिवसभर बसून तळटिपा पुन्हा लिहिल्या. याकोब ५:१४ आता ‘वडील’ शब्दासह आहे आणि त्याच्या शेजारी ट्रेंट, सत्र १४, नियम ४, डेन्झिंगर १७१९ उभा आहे. थॉमस परिशिष्टात गेले. ‘चर्च म्हणते’ अकरा ठिकाणी होते, त्यांतले दोनच उरले.

एक गोष्ट मात्र कोठे बसवावी ते समजत नाही. आमच्या चर्चमधील जुन्या मृत्युनोंदवहीत प्रत्येक नावापुढे त्या माणसाला शेवटचे संस्कार मिळाले होते की नाही हे लिहिलेले आहे. काही नोंदी १९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत स्थापन होण्याच्या आधीच्या, पोर्तुगीजमधल्या आहेत. फादरांनी मला वही पाहू दिली. आणि आजीने सांगितलेली हकीकत तर कोठेच लिहिलेली नाही.

पॅरिशचा म्हातारा

ती वही तुमच्या निबंधातला सर्वांत मोलाचा कागद आहे, कारण शिकवणीवर शेकडो लोकांनी लिहिले आहे आणि तुमच्या गावावर कोणीच नाही. चर्चचे नाव, नोंदवहीचे नाव, वर्षे, पानाचा आणि नोंदीचा क्रमांक एवढे द्या. येथे पान चालते, कारण या ग्रंथाची प्रत जगात एकच आहे. मृतांची नावे लिहू नका, त्यांची नातवंडे गावातच आहेत. पोर्तुगीज नोंद आधी मूळ शब्दांत आणि मग मराठीत द्या. वही छापील साधनांच्या यादीत न घालता अप्रकाशित साधनांत वेगळी दाखवा.

आजीची हकीकत ही मुलाखत आहे. आजीची परवानगी घ्या, कोणत्या तारखेला आणि कोठे बोललात ते लिहा, आणि तिचे शब्द तिच्याच बोलीत राहू द्या, दुरुस्त करू नका. ती धर्माबद्दल बोलत असली तरी तिचे बोलणे चर्चच्या दस्तऐवजांच्या रांगेत उभे करू नका. लोकांनी तो संस्कार कसा समजून घेतला याचा तो पुरावा आहे, आणि परिषदेला १९६३ मध्ये ७३वा परिच्छेद का लिहावा लागला हे वाचकाला त्यातूनच कळेल.

खानापूरची लेक

आजीला आत्ताच विचारले. ती म्हणाली, “लिही, पण तेल आणणाऱ्या फादरांचं नाव नको घालूस, ते सायकलवरनं पडले होते त्या दिवशी.” तळटिपेत ‘एक धर्मगुरू’ असे लिहिते आहे.